रेव्हिटचं सेंट्रल मॉडेल सारखं 'हलवलंय' म्हणतं तेव्हा

सकाळी साडेनऊला फाइल उघडायला घेतली की रेव्हिट, म्हणजे इमारतींची मॉडेलं बनवायचं ऑटोडेस्कचं सॉफ्टवेअर, एक लांबलचक सूचना पुढ्यात ठेवतं. मतितार्थ असा: हे सेंट्रल मॉडेल (सगळ्यांचं काम जिथे एकत्र होतं ती मूळ फाइल) अमुक जागेवरून तमुक जागी कॉपी झालंय किंवा हलवलंय, ते सेंट्रलच राहायला हवं असेल तर पुन्हा सेंट्रल म्हणून सेव्ह करा, नाहीतर ही फाइल अमक्या माणसाची लोकल प्रत (ज्याच्या-त्याच्या मशीनवरची कामाची नक्कल) समजली जाईल. ऑफिसात विचारावं तर कुणीच काही हलवलेलं नसतं. सगळ्यांच्या स्क्रीनवर तोच झेड ड्राइव्ह, तेच फोल्डर, त्याच नावाची फाइल.

मग कुणीतरी (आमच्याकडे पहिल्या दोन वेळा मीच) सूचनेतला सल्ला निमूटपणे पाळतो. सेव्ह ॲज, ऑप्शन्स, 'मेक धिस अ सेंट्रल मॉडेल आफ्टर सेव्ह'वर टिक, आणि काम सुरू. दुपारी शेजारच्या टेबलावरून आवाज येतो, "सर, कालचा पार्किंगचा रॅम्प दिसत नाहीये." तोवर दुसरीकडे एकाचं सिंक (लोकलमधलं काम सेंट्रलशी जुळवणं) होईनासं झालेलं असतं आणि तिसरा आपल्या लोकल प्रतीत एकटाच सुखाने काम करत असतो, त्याचं काम कुठेच पोहोचत नसतं.

आमचं सहा जणांचं ऑफिस. एका निवासी इमारतीच्या मॉडेलवर दोन महिन्यांत हे चार वेळा घडलं. प्रत्येक वेळी निदान एकच: "फाइल करप्ट झालीय." फाइल ठणठणीत होती. बिघाड पत्त्यात होता.

म्हणून ती सूचना दिसली की आधी एवढंच करा: ती बंद करा, फाइल सेव्ह न करता बंद करा आणि सगळ्यांना हात थांबवायला सांगा. त्या क्षणी केलेलं सेव्ह हेच पुढच्या घोळाचं मूळ असतं. पुन्हा सेंट्रल म्हणून सेव्ह केलंत तर पत्ता तुमच्या वाटेचा होतो आणि बाकीचे बाहेर पडतात. नुसतं सेव्ह केलंत तर सेंट्रलच्या जागी चक्क तुमची लोकल प्रत येऊन बसते. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण फाइलचं नाव तेच राहतं आणि कुणाला शंकाही येत नाही.

एक फाइल, तीन पत्ते

वर्कशेअरिंग (एकाच मॉडेलवर अनेकांनी काम करायची सोय) चालू करून फाइल पहिल्यांदा नेटवर्कवर सेव्ह केली की ती सेंट्रल होते आणि आपण कुठे राहतो हे स्वतःच्या पोटात लिहून ठेवते. पुढे जो कोणी 'क्रिएट न्यू लोकल'ने आपली प्रत काढतो, त्याची प्रतही तोच पत्ता लक्षात ठेवते. सिंक म्हणजे लोकलने त्या पत्त्यावर जाऊन देवाणघेवाण करणं. पत्ता जुळतो की नाही हे रेव्हिट लिहिलेल्या अक्षरांवरून ठरवतं. दोन वेगवेगळ्या पत्त्यांमागे डिस्क एकच आहे, हे त्याला कळत नाही.

आता छोट्या ऑफिसात काय असतं बघा. 'सर्व्हर' म्हणजे कोपऱ्यातला एक डेस्कटॉप, त्यातलं एक फोल्डर शेअर केलेलं. त्या फोल्डरपर्यंत जायच्या वाटा तीन. नेटवर्कवरून कॉम्प्युटरच्या नावाने. नेटवर्कवरूनच, पण आयपी नंबराने, म्हणजे १९२.१६८ वगैरे. आणि तिसरी वाट त्या डेस्कटॉपवरच बसलेल्या माणसाची: त्याच्यासाठी ते फोल्डर थेट डी ड्राइव्हवर आहे, तो तिथूनच डबलक्लिक करतो. जमीन एकच, पण तिघांनी तीन गट नंबरांचे सातबारे काढून आणावेत, तशातली गत. रेव्हिट तलाठ्यासारखं फक्त कागद बघतं.

"पण आमच्याकडे सगळ्यांना झेड ड्राइव्ह मॅप करून दिलाय," असं मीही म्हणायचो. मॅप करणं म्हणजे नेटवर्कवरच्या फोल्डरला ड्राइव्हचं एक अक्षर बांधणं; झेड हे फक्त तोंडचं नाव. रेव्हिट त्या अक्षरामागचा खरा नेटवर्क पत्ता शोधून तो नोंदवतं. एकाचा झेड नावाने मॅप केलेला आणि दुसऱ्याचा आयपीने, तर दोघांना स्क्रीनवर सारखंच दिसेल आणि सेंट्रलच्या लेखी ते दोन वेगळ्या गावचे असतील.

हे तपासायला एक मिनिट लागतं. प्रत्येक मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'नेट यूज' टाइप करून एंटर मारा. कुठलं अक्षर कुठल्या पत्त्याला बांधलंय त्याची यादी येते. सहाही मशीनवर ती ओळ अक्षरशः एकसारखी हवी. आमच्याकडे चार मशीन आयपीवर होती, एक नावावर, आणि सहावा माणूस 'सर्व्हर'वरच बसत होता, त्याच्या यादीत झेड नव्हताच.

सेंट्रल स्वतःला कुठे समजतं तेही बघता येतं. कोणतीही चालू लोकल उघडा, कोलॅबोरेट टॅबवर 'सिंक्रोनाइझ अँड मॉडिफाय सेटिंग्ज' घ्या. वरच्याच चौकटीत सेंट्रलचा पत्ता लिहिलेला असतो. वाचून कॅन्सल करा. आमच्या सेंट्रलचा पत्ता आयपीवर होता, म्हणजे ते आयपीने मॅप केलेल्या मशीनवरून बनवलं गेलं होतं. इथे अर्धं कोडं सुटलं.

मग ते अधूनमधूनच का व्हायचं?

वाटा तीन असल्या तरी हा त्रास रोज होत नव्हता. आठ-दहा दिवस सुरळीत, मग एका सकाळी घोळ. चौथ्या खेपेला मी तारखा कागदावर लिहिल्या. चारही वेळा आदल्या दिवशी वीज गेली होती.

कॉम्प्युटर यूपीएसवर होते, राउटर नव्हता. वीज आली की राउटर नव्याने सुरू व्हायचा आणि आयपी नंबरांचं वाटप पुन्हा करायचा. बहुतेक वेळा 'सर्व्हर'ला जुनाच नंबर मिळायचा, कधीतरी वेगळा. वेगळा मिळाला की झेडवर लाल फुली. मग नेटवर्कचं बघणारा मुलगा तत्परतेने येऊन नव्या नंबराने झेड जोडून देई. ड्राइव्ह उघडला, फाइल दिसली, तो खूश. सेंट्रलच्या पोटात मात्र जुना नंबर. म्हणजे 'मॉडेल हलवलंय' ही सूचना खोटी नव्हतीच, आपणच तिला खोटी समजत होतो.

त्या मुलाचा यात काही दोष नाही. वर्डच्या, एक्सेलच्या, ऑटोकॅडच्या फाइलींना या बदलाने काही फरक पडत नाही. पत्ता लक्षात ठेवणारी फाइल ऑफिसात एकच असते आणि ती तशी आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

घोळ झाल्यावर निस्तरायचा कसा

घाई केली तर एका दिवसाच्या नुकसानीचे तीन दिवस होतात. आधी सगळ्यांच्या सगळ्या प्रती गोळा करा. सेंट्रल समजल्या जाणाऱ्या जितक्या फाइली सापडतील त्या, त्यांच्याशेजारची 'बॅकअप' शेपटीची फोल्डरं, आणि प्रत्येकाच्या मशीनवरची लोकल. सगळं एका बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा. बॅकअप फोल्डरमध्ये कोणी काय ताब्यात घेतलंय याच्या नोंदी असतात. जागा खातंय म्हणून ते उडवू नका. एकाने उडवलं होतं.

मग खरी फाइल कोणती ते ठरवा. सगळ्यात नवी तारीख असलेली फाइल खरी, हा अंदाज इथे हमखास फसतो, कारण चुकीच्या वाटेने उघडून सेव्ह केलेल्या फाइलचीच तारीख नवी असते. कोलॅबोरेट टॅबवर 'शो हिस्टरी' आहे; त्यात फाइल निवडली की कोणी कधी सिंक केलं याची यादी मिळते, सिंक करताना शेरा लिहिला असेल तर तोही. ज्या फाइलच्या यादीत सगळ्यांची नावं शेवटपर्यंत आलटूनपालटून दिसतात, ती धरायची. जिच्यात एका दिवसानंतर एकच नाव उरतं, ती फुटून निघालेली.

निवडलेली फाइल उघडताना 'डिटॅच फ्रॉम सेंट्रल' (सेंट्रलपासून तोडणं) आणि 'ऑडिट' (फाइलची तपासणी) दोन्हींवर टिक करा, वर्कसेट (मॉडेलचे वाटून घेतलेले भाग) जपायचे का असं विचारलं की जपा म्हणा. आता ही फाइल बिनपत्त्याची झाली. ती नावाच्या वाटेने, आयपीने नाही आणि डी ड्राइव्हवरूनही नाही, एका नव्या फोल्डरमध्ये नव्या नावाने सेंट्रल म्हणून सेव्ह करा. नवं नाव मुद्दाम: जुन्या लोकल प्रती चुकून हिच्याशी जोडायचा प्रयत्नसुद्धा होऊ नये. जुन्या फोल्डरचं नावही बदलून टाका. आम्ही 'हात लावू नका' असं ठेवलं, मराठीतच.

यानंतरची पायरी पुष्कळजण विसरतात. ज्याने सेंट्रल बनवलं त्याच्याकडे सगळ्या वर्कसेटचा ताबा राहिलेला असतो. त्याने एकदा सिंक करून, 'रिलिंक्विश'च्या (ताबा सोडण्याच्या) खालच्या सगळ्या चौकटींवर टिक करून फाइल बंद केली नाही, तर बाकीच्यांना पहिल्याच भिंतीला हात लावताना नकार मिळतो, आणि ऑफिसात पुन्हा "बघा, करप्टच आहे" सुरू होतं.

शेवटी उरलेलं काम. फुटून निघालेल्या प्रतीत जे जास्तीचं आहे, ते हाताने आणावं लागतं. ती प्रत डिटॅच करून उघडा, हवे ते घटक कॉपी करा, नव्या लोकलमध्ये 'पेस्ट अलाइन्ड'ने त्याच जागी किंवा नेमक्या लेव्हलवर बसवा. शेड्यूल आणि ड्राफ्टिंग व्ह्यू 'इन्सर्ट फ्रॉम फाइल'ने येतात. मापं आणि टॅग बऱ्याचदा नव्याने द्यावे लागतात. त्यासाठी वेगळा वेळ धरा आणि क्लायंटला त्या दिवशी प्रिंट कबूल करू नका.

'रिस्टोअर बॅकअप'चा रस्ताही आहे. वर्कशेअरिंगच्या फाइलला मूळ सेटिंगमध्ये २० पर्यंत मागच्या आवृत्त्या राहतात. पण त्या खिडकीतलं 'रोलबॅक' दाबू नका. ते त्यानंतरचं सगळं पुसतं आणि सगळ्यांच्या लोकल निकामी करतं. तिथेच 'सेव्ह ॲज' आहे, त्याने जुनी आवृत्ती वेगळी काढून नुसती पाहता येते.

पुन्हा होऊ नये म्हणून आम्ही काय बदललं

राउटर यूपीएसवर घेतला. त्याच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हर'साठी एक आयपी कायमचा राखून ठेवला. सगळीकडचे झेड काढून कॉम्प्युटरच्या नावाने पुन्हा जोडले, आणि ते नाव कागदावर छापून राउटरच्या वर चिकटवलं, कारण पुढच्या वेळी नेटवर्कवाला मुलगा वेगळा असेल.

'सर्व्हर'वर बसणाऱ्या माणसाचा प्रश्न मोठा होता. त्याला दुसरं मशीन द्यायला तेव्हा पैसे नव्हते. त्याच्याही मशीनवर झेड नावाने मॅप केला. स्वतःच्याच मशीनवरचं फोल्डर नेटवर्कच्या वाटेने उघडता येतं, हे त्याला विचित्र वाटलं, पण चालतं. डेस्कटॉपवरचा डी ड्राइव्हचा शॉर्टकट पुसला. ते फोल्डर डी ड्राइव्हवर सहज डोळ्यांत भरणार नाही इतकं आत ढकललं, शेअर मात्र त्या आतल्याच फोल्डरचा. माणसाला सवयीपासून वाचवायचं तर सवयीची वाटच आडवळणाची करावी लागते. पुढे सहा महिन्यांनी त्याला वेगळं मशीन मिळालं.

फाइल उघडायची रीत एकच ठेवली: एक्सप्लोररमधून डबलक्लिक करायचं नाही. रेव्हिटच्या 'ओपन'मधून सेंट्रल निवडायचं, खाली 'क्रिएट न्यू लोकल'वर टिक आहे ना ते बघायचं. टिक असेल तर लोकलच्या नावाला आपोआप तुमच्या युजरनेमची शेपटी लागते. वरच्या पट्टीत ती शेपटी दिसत नसेल तर तुम्ही थेट सेंट्रलमध्ये बसला आहात. काहीही न करता बाहेर या. रोज सकाळी नवी लोकल काढायची, कालची वापरायची नाही. आठवडाभर जुनी लोकल उघडून सिंक करणं म्हणजे सुट्टीवरून येऊन जुन्याच पंचांगावर मुहूर्त काढण्यासारखं.

सारखी लक्षणं, वेगळा आजार

पत्ता ठीक असूनही "मला एडिट करू देत नाही" ही तक्रार येत राहते. त्यामागे आमच्या अनुभवात तीन-चार गोष्टी असतात.

एक, कुणीतरी वर्कसेटच्या खिडकीत 'एडिटेबल'खाली 'येस' करून अख्खा वर्कसेट स्वतःकडे घेतलेला असतो, बहुतेक वेळा नकळत. तसं करायची गरजच नाही. वर्कसेट नुसता सक्रिय ठेवून काम केलं की ज्या घटकाला हात लावाल तेवढाच उसना मिळतो आणि सिंक करताना परत जातो. एक दरवाजा हलवण्यासाठी सगळा तळमजला अडवून ठेवायचं काय कारण?

दोन, उसनं घेतलेला माणूस सिंक न करता साइटवर गेला. तो यायची वाट बघणं हा उत्तम उपाय. तो नोकरी सोडून गेला असेल, किंवा त्याची डिस्कच गेली असेल, तर दुसऱ्या मशीनवर ऑटोडेस्कच्या खात्यातून साइन आउट करून, ऑप्शन्समध्ये युजरनेम त्याचं नेमकं तेच ठेवून, नवी लोकल काढून 'रिलिंक्विश ऑल माइन' करता येतं. त्याच्या मशीनवर राहिलेलं, सिंक न झालेलं काम यानंतर परत जोडता येणार नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. आणि काम झाल्यावर युजरनेम परत बदला. मी एकदा विसरलो आणि दोन दिवस सोडून गेलेल्या माणसाच्या नावाने मॉडेलमध्ये फिरत होतो.

तीन, दोन मशीनवर एकच युजरनेम. एकच लॉगिन वाटून वापरलं की हे होतं. रेव्हिटला दोघे एकच माणूस वाटतात आणि ताब्याच्या नोंदी भलत्याच गुंततात. लायसन्सच्या अटींचा मुद्दा आहेच, पण तो सोडला तरी मॉडेलच्या जिवासाठी हे बंद करा. रेव्हिट एलटी (कमी सोयींची स्वस्त आवृत्ती) घेऊन पैसे वाचवायचा विचार असेल तर त्यात वर्कशेअरिंग नाही, हे आधीच माहीत असू द्या.

चार, फोल्डरची परवानगी. फाइल उघडते पण सिंक शेवटच्या क्षणी आपटतं, असं एकाच माणसाच्या बाबतीत होत असेल तर इथे बघा. विंडोजमध्ये परवानगी दोन ठिकाणी असते, शेअरिंगला वेगळी आणि सिक्युरिटी टॅबवर वेगळी; दोन्हीकडे पुरेशी नसेल तर जी कमी तीच लागू होते. रेव्हिट सिंक करताना तिथे फाइली बनवतं आणि पुसतंही, त्यामुळे नुसतं 'राइट' पुरत नाही, 'मॉडिफाय' लागतं. "चुकून कुणी फाइल डिलीट करू नये" म्हणून डिलीटचा हक्क काढून घेण्याची हुशारी इथे अंगाशी येते.

आवृत्तीचं एका वाक्यात: सगळ्यांचं रेव्हिट एकाच सालाचं आणि त्याच अपडेटचं हवं, कारण नव्यात उघडून सेव्ह केलेलं सेंट्रल जुन्यात परत उघडत नाही.

गुगल ड्राइव्हवर ठेवलं तर?

हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो, रस्ते तुंबले की. गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह यांपैकी कशावरही सेंट्रल ठेवू नका. तिथे प्रत्येकाच्या मशीनवर फाइलची स्वतंत्र प्रत असते आणि ती मागाहून वर चढते. म्हणजे प्रत्येकाकडे आपापलं सेंट्रल. वर दिलेला सगळा घोळ, तोही विजेची वाट न बघता. घरून काम करायचं तर ऑटोडेस्कची बिम कोलॅबोरेट प्रो ही पैसे भरून घ्यायची क्लाउड सेवा आहे, तिच्यात सेंट्रलच त्यांच्या सर्व्हरवर राहतं. व्हीपीएनने (इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडून) घरून ऑफिसचं सेंट्रल उघडून सिंक करायचा प्रयत्न आम्ही एक दिवस केला. एक सिंक चहा पिऊन आलो तरी चालूच होतं.

आमच्यासारख्या ऑफिसला परवडलेला तोडगा साधा आहे: घरून रिमोट डेस्कटॉपने ऑफिसातल्या स्वतःच्या मशीनवर जायचं. रेव्हिट तिथेच चालतं, घरी येतं ते फक्त चित्र. एकच अडचण आली. पहिल्या रात्री दहाच्या सुमारास सगळ्यांचं सिंक एकदम बंद पडलं आणि पुन्हा सगळ्यांच्या पोटात गोळा. पत्ता तपासला, बरोबर होता. सकाळी जाऊन बघितलं तर 'सर्व्हर'च्या पॉवर सेटिंगमध्ये अर्ध्या तासाने स्लीप असं लिहिलेलं होतं. दिवसा त्यावर कुणीतरी बसलेलं असायचं, म्हणून तो कधी झोपलाच नव्हता. ते 'नेव्हर' केलं.